चुकीच्या कानात सांगितलेलं नाव

माझ्या भाचीचं नाव मी ठेवलं. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, आणि पोराचं नाव ठेवायचा मान फुईचा. आईचा नाही, बापाचा नाही, नऊ महिने सुनेनं काय खावं नि काय खाऊ नये हे सांगत बसलेल्या सासूचा तर नाहीच नाही. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' करायचं, नाव सांगायचं आणि बायकांचे धपाटे पाठीत खायचे. एवढंच काम. तेवढंसुद्धा मला धड जमलं नाही.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. घरातल्या कुणाचंच लिहिणार नाही म्हणा, पण ते तर मुळीच नाही. एकदा चुकीच्या कानात घातलंय, तेवढं पुरे झालं.

आम्ही तेव्हा धरणगावला राहायचो. भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. आई घर आणि एक म्हैस सांभाळायची, आणि त्या दोन्हींशी सारख्याच आवाजात बोलायची. मी रोज पॅसेंजरनं जळगावला कॉलेजला जायची. घरातली पहिली शिकलेली मी, आणि हे मी कुणाला विसरू द्यायची नाही. नाकावर राग, तोंडावर इंग्रजी, असा माझा थाट. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

वहिनी साक्रीकडची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण मी नणंद, म्हणून मला 'ताई' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. आईशी अहिराणीत बोलायची, माझ्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायची धडपड करायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. अक्षर सुरेख होतं, पण तिला कुणी कधी काही लिहायला लावत नव्हतं.

तिची दोन बाळं गेली होती. पहिला मुलगा. तो तिच्या माहेरी झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. दुसरी मुलगी आमच्याकडे झाली, ती नवव्या दिवशी गेली. आमच्यात बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे दोघांनाही नाव मिळालं नाही. एवढ्याशा बाळाला जाळत नाहीत, पुरतात. पुरलं, हातपाय धुतले, झालं. ना दहावा, ना कुणाचं भेटायला येणं. घरात विषय निघालाच तर आई 'पहिल्या टायमाला' आणि 'दुसऱ्या टायमाला' असं म्हणायची. दोन पोरं नव्हतीच जणू, वहिनी दोनदा आजारी पडली होती.

एकदा दुपारी मी कॉलेजातून लवकर आले, तर वहिनी गोठ्यात म्हशीच्या पाठीला टेकून रडत होती. मी आपली नेहमीची शहाणी. म्हटलं, "वहिनी, किती दिवस रडणार? मोकळं तरी रडा एकदा, पोटात ठेवू नका."

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "मोकळं कसं रडू, ताई? माणूस नाव घेऊन रडतो. मी काय म्हणून रडू? 'बाळा' म्हटलं तर दोघांतलं कोणतं?"

चहा टाकते म्हणून मी आत निघून गेले.

आता ते पत्राचं सांगते. आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी आम्हाला परदेशातल्या मुलींचे पत्ते वाटले होते. पत्रमैत्री करा, इंग्रजी सुधारेल, म्हणाल्या. बाकीच्या पोरींना अमेरिका नि जर्मनी मिळाली. मला मिळालं वेल्स. नकाशात शोधलं, तर इंग्लंडच्या डाव्या कुशीला चिकटलेलं. मी पत्रात तिला 'इंग्रज मैत्रीण' म्हटलं, तर बया उलटटपाली भडकली. आम्ही इंग्रज नाही, आमची भाषा वेगळी, शाळेत इंग्रजी बोलतो नि घरात आपली बोलतो, असं दोन पानं. मला ती तिथंच आवडली. मी लिहिलं, आमचंही तेच गं, शाळेत मराठी आणि घरात अहिराणी. तेव्हापासून आमचं जमलं. तिच्या वडिलांची मेंढरं होती, आमची एक म्हैस. तिच्याकडे सदा पाऊस, आमच्याकडे सदा ऊन. दर दीड-दोन महिन्यांनी निळं पाकीट यायचं आणि पोस्टमन ते सगळ्या गल्लीला दाखवत आणायचा.

वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी तिला कळवलं. फुई म्हणून नाव मलाच ठेवायचंय, तुमच्याकडे काय नावं ठेवतात ते कळव, अशी फुशारकी मारली. तिच्या बहिणीलाही नुकतंच बाळ झालेलं. तिनं पाठपोट भरून नावं पाठवली. आधी गल्लोगल्ली असतात ती, मग जुनी, कमी ऐकू येणारी, आणि प्रत्येकापुढे अर्थ.

त्या दुपारी आम्ही तिघी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मी शेंगा सोडून पत्र वाचायला घेतलं. पहिलंच नाव मुलाचं. मी वाचलं 'ऱ्हाइस'.

आई म्हणाली, "राईस? म्हणजे तो हाटेलातला भात? पोऱ्यानं नाव भात?"

पुढच्या पत्रात मैत्रिणीनं उच्चार सुधारला, ते नाव 'रीस' आहे म्हणाली. ते सांगितलं तर आई आणखीच हसली. "भात बरा व्हता माय. रीस म्हणजे राग. आपल्या घरात तू शेच ना तेवढी!"

त्या दुपारी मग मुलींची नावं आली. 'मेगन' तिकडे घरोघर. 'हेउल्वेन' म्हणजे ऊन. आम्ही हसून लोटपोट. मे महिन्यात इथं केळीची पानं करपतात, माणसं दुपारी दारं लावून घेतात, आणि यांच्याकडे लेकीचं नाव ऊन! एकीचा अर्थ होता उन्हाळा. एक 'एन्फिस', म्हणजे इंद्रधनुष्य. एक नुसती 'आयरा', म्हणजे बर्फ. आई म्हणाली, हे बरं, उन्हाळ्यात मांडीवर घेऊन बसावी. 'ग्वेन' म्हणजे गोरी. 'ब्रॉनवेन'चा अर्थ छातीच्या गोरेपणाचा निघाला, तो मी आईसमोर गिळून टाकला आणि वहिनीच्या कानात सांगितला. वहिनी लाजून शेंगांचं सूप घेऊन आत पळाली. 'अंगारद' असं काहीतरी होतं, म्हणजे फार फार लाडकी. आईला वाटलं देवाचा अंगारा. एक मुलाचं होतं त्याचा अर्थ समुद्र, आणि एक मुलीचं, त्याचा अर्थ चांदणी.

संध्याकाळी आई म्हशीचं दूध काढायला गेली तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, ती नावं मला आपल्या अक्षरात लिहून द्याल? अर्थासकट."

मी वहीचं पान फाडून सगळी लिहून दिली. एका ओळीत नाव, पुढे अर्थ. तिनं ती सावकाश, बोट ठेवून, दोनदा वाचली. मग घडी घालून चोळीत ठेवली. मला वाटलं, होणाऱ्या बाळासाठी बघतेय. मला वाईट इतकंच वाटलं की नाव ठेवणार मी आणि ही मध्ये लुडबुडतेय. खरंच वाटलं असं. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर वहिनीत एक फरक पडला. ती कामं करताना काहीतरी पुटपुटू लागली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना दोन शब्द. तुळशीला पाणी घालताना दोन शब्द. कधी मोठ्यानंसुद्धा, अंगणात उभी राहून, कुणाला जेवायला हाक मारावी तशी. आईनं विचारलं, काय बडबडतेस? वहिनी म्हणाली, "ताईंचं इंग्रजी म्हणून बघते." मी हसले. एकदा उच्चारही सुधारून दिला तिचा. ती माझ्यामागून शहाण्या मुलीसारखी तो शब्द म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, तेही मी पाहिलं. मला वाटलं, चुलीचा धूर.

पण रडणं थांबलं होतं तिचं. गोठ्यातलं ते चोरटं रडणं. आता ती रडली तर सरळ रडायची, आणि रडून झालं की उठून कामाला लागायची.

पोर झाली ती आषाढात. मुलगी, रंगानं सावळी, आवाजानं खणखणीत. आईनं तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, शेजारणीनं उचलली, ओंजळभर दाण्यांवर आईनं ती परत 'विकत' घेतली. पोरं जगत नसली की आमच्याकडे असं करतात. टाकलेल्या, मागून आणलेल्या पोराकडे मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. आणि नावही मग तसंच. भिका, धोंडू, चिंधी, उखर्डू. आईचं ठरलेलं होतं.

"धोंडी ठेव," ती मला म्हणाली. "दगडले कोनी उचलीसन नेत नही."

मी उसळलेच. "माझी भाची धोंडी? कॉलेजात काय सांगू मी? मुळीच नाही!"

"पोर जगाले पाहिजे का तुनं कॉलेज?"

आमचं तीन दिवस वाजलं. आईला मी अडाणी म्हटलं. ती मला म्हणाली, तू एक पोर पुरून ये मग बोल. ती स्वतः तीन पुरून आली होती, हे मला तेव्हा माहीत होतं आणि तरी मी बोलत होते. वहिनी बाजेवर पोरीला पाजत पडलेली असायची.

मग मला युक्ती सुचली. अहाहा, काय युक्ती! आईला म्हटलं, हे बघ, त्या पत्रातलं नाव ठेवू. आपल्याकडे त्याचा अर्थच कुणाला कळणार नाही. शेजारणीला कळणार नाही, दृष्ट लावणारीला कळणार नाही. चांगलं आहे हेच कुणाला समजणार नाही तर दृष्ट लागेल कशी?

"मंग त्या यमले तरी काय समजस," आई म्हणाली, आणि राजी झाली.

मी इतकी खूश झाले होते स्वतःवर की काय सांगू. आईचंही राखलं, माझंही राखलं. कोणतं नाव, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. फुईनं नाव पाळण्यापर्यंत पोटात ठेवायचं असतं, कुणी फुईला विचारायचंही नसतं.

बाराव्या दिवशी सकाळी वहिनीला न्हाऊ घातलं. मी तिचे केस पुसत होते. आई तिथंच, कोपऱ्यात घुगऱ्यांचं पातेलं उतरवत होती. वहिनीनं मान न वळवता मला हळूच म्हटलं, "ताई, त्या कागदावरचं नको हं. दुसरं कोणतंही ठेवा. धोंडीसुद्धा चालेल."

मी ऐकलं. नीट ऐकलं. वाटलं, आईला घाबरून बोलतेय. वाटलं, हिला काय कळतंय, चौथी शिकलेली. मी म्हटलं, "तुम्ही गप बसा वहिनी, नाव फुई ठेवते." आईकडे बघून डोळे मिचकावले. वहिनीनं आईकडे पाहिलं आणि गप्प बसली. आईसमोर ती आणखी काय बोलणार होती? ते मला आत्ता कळतंय. तेव्हा मी टॉवेल झटकत होते.

दुपारी बायका जमल्या. टोपडं घातलेल्या वरवंट्याला, गोप्याला, पाळण्याखालून नि वरून फिरवून पाळणा झाला. मी वाकले. पोरीच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी 'कुर्रर्र' केलं आणि चांदणीचा अर्थ असलेलं ते नाव तिच्या कानात सांगितलं. धपाटे बसले, हशा झाला, आणि बायकांनी ओरडा केला, काय ठेवलं, काय ठेवलं? मी ताठ उभी राहिले आणि मोठ्यानं नाव सांगितलं.

वहिनी पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिच्या हातातून दोरी सुटली. ती फक्त आजूबाजूला बघायला लागली, अंगणाकडे, दाराकडे. तिथून आत्ता कुणीतरी येणार, असं तिला वाटत होतं बहुतेक.

बायका घुगऱ्या घेऊन गेल्यावर तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. उशीखालून तो माझ्या वहीचा कागद काढला. घड्यांवर विरला होता. त्यावर दोन नावांपुढे हळदीचं एकेक बोट लावलेलं होतं. एक समुद्राच्या नावापुढे. एक चांदणीच्या.

"हे नाव दिलेलं होतं, ताई," ती म्हणाली.

मला एका क्षणात सगळं कळलं. भाकरी थापताना, तुळशीपाशी, अंगणात उभी राहून ती काय म्हणत होती ते. घरात कुणाला न कळणाऱ्या भाषेत दोन नावं सापडली होती तिला, म्हणून ती सासूच्या देखत, नवऱ्याच्या देखत आपल्या पोरांना हाका मारत होती. आणि मी तिचे उच्चार सुधारत होते.

मी तिचे पाय धरले. खरंच धरले. म्हटलं, आत्ता बदलू, मी आईला सांगते, मी सगळ्यांना सांगते, धोंडी ठेवू. ती नको म्हणाली. कानात गेलेलं बाहेर कसं काढणार, म्हणाली. आणि आईंना काय सांगणार? मेलेल्या पोरीचं नाव जित्या पोरीला ठेवलं हे कळलं तर आई छाती पिटून घेतील. "राहू द्या," ती म्हणाली. "जगली म्हणजे झालं."

पोर जगली. नुसती जगली नाही, बाळसं धरलं तिनं. चाळीस दिवस गेले, दात आले, वर्ष झालं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, माझ्या लेकीनं ठेवलेलं नाव लाभलं हो! शाळेत घालायच्या वेळी मी एकदा चाचपून पाहिलं की दाखल्यावर दुसरं नाव लिहू या का. आई अंगावर धावून आली. ज्या नावानं पोर वाचली ते नाव बदलतेस? मग कुणी ब्र काढला नाही. आई ते नाव दिवसातून शंभरदा घ्यायची. भाऊ घ्यायचा, शेजारीपाजारी घ्यायचे, मास्तर हजेरीत घ्यायचे, दरवेळी वेगळं करून.

वहिनी घ्यायची नाही. ती लेकीला 'बाई' म्हणायची, 'माय' म्हणायची, 'इकडं ये गं' म्हणायची. जीव होता तिचा पोरीवर, तसं काही म्हणू नका कुणी. स्वतःच्या ताटातलं भरीत तिच्या ताटात वाढायची. पण नाव नाही.

आणि दुसरंही थांबलं. भाकरी थापताना आता एकच शब्द यायचा, मुलाचा. मुलीला ती हाक मारू शकत नव्हती. मारली असती तर ही आली असती ना, अंगणातून 'ओ' देत, धावत. मी तिच्या जित्या पोरीला नाव दिलंच नव्हतं, मेलेल्या पोरीचं काढून घेतलं होतं. ती गोठ्यात पुन्हा चोरून रडायला लागली. मी खिडकीतून बघायची आणि चहा टाकायला जायची. तेवढंच येत होतं मला.

वेल्सच्या मैत्रिणीनं विचारलं, कोणतं ठेवलं? मी कळवलं. तिला इतका आनंद झाला की तिच्या आईनं लोकरीची टोपी विणून पाठवली. जळगाव जिल्ह्यात लोकरीची टोपी! वहिनीनं ती घडी करून ट्रंकेत ठेवली, पोरीच्या डोक्यावर एकदाही घातली नाही. कुणासाठी ठेवली ते मी विचारलं नाही. पुढे मीच पत्रं कमी केली, मग बंद पडली. तिला काय लिहिणार होते?

पोर सहा-सात वर्षांची असताना एकदा माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न होऊन मी जळगावात मेहरूणला आले होते. तलावाच्या काठानं आम्ही चाललो होतो. चालता चालता थांबून तिनं विचारलं, "फुई, माय माले नाव लिसन काब्र बलावत नही?"

मी म्हटलं, "अगं, लाडकी असली की नाव घेत नाहीत."

"मंग आजी घेस ती?"

"आजी म्हातारी आहे, तिला काही कळत नाही." आई तिथं असती तर चपलेनं मारलं असतं मला. पोरीला ते पटलं नाही. ती पाण्यात खडे टाकत राहिली. त्यानंतर मी पाहिलं, ती मुद्दाम वहिनीच्या हाकेला उशीर लावायची. 'बाई' म्हटलं तर यायची नाही. 'इकडं ये' म्हटलं तर यायची नाही. वाट बघायची. वहिनी शेवटी उठून तिच्याजवळ जायची आणि हात धरून आणायची.

पोर बाराव्या वर्षात असताना वहिनीला कावीळ झाली. घरचं झाडपाल्याचं औषध झालं, मग फार उशिरा जळगावला आणली. दवाखान्यात डबा माझ्या घरून जायचा. पोर माझ्याकडेच होती, शाळा बुडवून. चार-पाच दिवसांत वहिनीला माणसं ओळखू येईनात. नवऱ्याला ती आपला भाऊ समजायची. मला मात्र 'ताई' म्हणायची. काय पुण्य केलं होतं मी कोण जाणे.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथं पोर डबा घासत होती. मी खाटेजवळ बसून वारा घालत होते. वहिनी एकदम डोळे उघडून दाराकडे बघायला लागली. बारशाच्या दिवशी बघत होती, तशीच. आणि तिनं हाक मारली. आधी समुद्राची. मग चांदणीची. एकामागून एक, खणखणीत, दिवेलागणीला पोरांना जेवायला बोलवावं तशी.

व्हरांड्यात डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. "ओ! ओ, माय! उनू!" पोर ओल्या हातांनी, हाताला राख तशीच, धावत आली. खाटेवर चढलीच ती. "काय माय? काय?"

वहिनी तिच्या खांद्यावरून दाराकडेच बघत होती. मग तिला जे बघायचं होतं ते दिसलं की काय, तिचा चेहरा निवला. हात उचलून तिनं कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा हवेत धरला, आणि पोरीनं आपलं डोकं त्या हाताखाली नेलं.

तीन दिवसांनी ती गेली.

पोर रडली, पण आडोशाला जाऊन नाही. सगळ्यांना सांगत रडली. धरणगावला दहाव्याच्या दिवशी येईल त्या बाईला धरून सांगायची, "मायनी माले नाव लिसन हाक मारी! फुईले विचारा! फुई व्हती तठे!" बायका माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायची.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. शेंगा फोडत बसायचो आम्ही तिघी, तोच ओटा. गुडघ्यात मान घालून ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "फुई, दोन हाका मार्‍या ना मायनी? नळ चालू व्हता. पहिली माले धड ऐकू नही उनी. ती बी मनीच व्हती ना?"

ती दोन नावं कुणाकुणाची, ते वहिनीनं त्या हळदीच्या कागदावर फक्त मला दाखवलं होतं. आता माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो गं," मी म्हटलं. "दोन्ही तुझ्याच."